अंगणातलं बाक किती पावसाळे काढेल?

घर बांधून होतं, अंगणात फरशी बसते आणि मग संध्याकाळी चार माणसांना टेकता येईल असं काहीतरी तिथे हवंसं वाटतं. सुताराला, फॅब्रिकेटरला, शेजाऱ्याला एकच प्रश्न विचारला जातो : ‘बाहेर ठेवायला कशाचं घेऊ? सागवानी, लोखंडी की प्लास्टिकचं?’ प्रत्येक जण आपल्या अनुभवातलं उत्तर देतो आणि त्यात खोटं काही नसतं. तरीही एका घरी सागाचं बाक तीस वर्षं टिकतं आणि दुसऱ्या घरी त्याच सागाच्या बाकाचे पाय सहा-सात वर्षांत भुसभुशीत होतात. जी लोखंडी खुर्ची नागपुरात दहा वर्षं नीट राहते, तिचे मालवणात दोन-तीन पावसाळ्यांत पोपडे निघतात.

म्हणजे ‘कशाचं’ हा प्रश्न अर्धाच आहे. उरलेला अर्धा प्रश्न असा : ही वस्तू भिजल्यावर किती वेळात सुकते? या प्रकरणात आपण दुसऱ्या प्रश्नाच्या वाटेने पहिल्याकडे जाणार आहोत.

१. ‘कडक हवामान’ म्हणजे नेमकं काय?

आपल्याकडे बाहेर ठेवलेल्या सामानाला चार गोष्टी छळतात : पाणी, ऊन, खारी हवा आणि वारा. महाराष्ट्रात या चौघांचं प्रमाण गावागणिक बदलतं, म्हणून एका गावचा सल्ला दुसऱ्या गावी लागू पडेलच असं नाही.

रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आंबोलीत तो सात हजारांच्या घरात जातो, आणि यातला बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर एवढ्या काळातच येतो. पण सामानाच्या दृष्टीने किती पाणी पडलं याला फारसं महत्त्व नाही. तासाभराची मुसळधार सर आली आणि नंतर कडक ऊन पडलं, तर बाकाचं काहीच बिघडत नाही. पंधरा दिवस रिपरिप चालू राहिली, हवेत ओल राहिली, आणि बाकाचा खालचा भाग एकदाही सुकला नाही, तर तेच बाक खराब होतं. कोकणातल्या झडीचा खरा त्रास हा आहे.

विदर्भाची गोष्ट वेगळी. तिथे मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांपलीकडे जातो आणि दुपारी हवेतली आर्द्रता वीस टक्क्यांच्याही खाली येते. ऑगस्टमध्ये तीच ऐंशी टक्क्यांवर असते. तीन महिन्यांत इतका मोठा फरक लाकडाला सोसावा लागतो. पुण्या-नाशकाकडे दोन्ही त्रास मध्यम आहेत. त्यामुळे तिथे चाललेल्या वस्तूची हमी किनाऱ्यावरच्या माणसाने गृहीत धरू नये.

२. लोखंड पाऊस नसतानाही ओलं राहतं

स्वयंपाकघरातल्या बरणीतलं मीठ पावसाळ्यात आपोआप पाणावतं, हे प्रत्येक घरात माहीत आहे. मिठात पाणी कुणी ओतलेलं नसतं, ते हवेतून येतं. हवेची आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतली वाफ ओढून घेऊन स्वतःच विरघळू लागतं.

आता हेच मीठ खुर्चीवर बसलेलं आहे अशी कल्पना करा. समुद्राच्या लाटा फुटतात तेव्हा उडणारे बारीक तुषार वाऱ्याबरोबर आत येतात. पाणी उडून जातं आणि मिठाचा न दिसणारा थर लोखंडावर, खिडकीच्या गजांवर, फाटकावर बसतो. रात्री आर्द्रता वाढली की हा थर पाणी धरतो, आणि पावसाचा थेंबही न पडता लोखंडावर खाऱ्या पाण्याचा पातळ पापुद्रा तयार होतो. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं. ते तर आर्द्रता पस्तीस टक्क्यांच्या आसपास असली तरी पाणी ओढतं. त्यामुळे किनाऱ्यावरचं लोखंड जानेवारीतसुद्धा धड कोरडं नसतं.

गंजायला लोखंडाला दोनच गोष्टी लागतात, पाणी आणि प्राणवायू. मीठ त्या पाण्यातून वीज सहज वाहू देतं आणि गंजण्याची क्रिया कित्येक पटीने वाढवतं. शिवाय गंज हा सच्छिद्र आणि फुगीर असतो. तो मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, स्वतःवरचा रंग उचलून टाकतो, आणि खालचं ताजं लोखंड उघडं पाडतो. एकदा सुरू झालेला गंज आपण होऊन थांबत नाही तो यामुळे.

यातून एक अनपेक्षित गोष्ट निघते. समुद्रकाठच्या घरात उघड्या अंगणातल्या खुर्चीपेक्षा पडवीत, छपराखाली ठेवलेली खुर्ची कधी कधी आधी गंजते. उघड्यावरच्या खुर्चीवरचं मीठ पाऊस धुऊन काढतो. छपराखालच्या खुर्चीवर मीठ साचतच राहतं, धुतलं कधीच जात नाही. म्हणून किनाऱ्यापासून काहीशे मीटरच्या आत राहणाऱ्यांना माझा पहिला सल्ला खरेदीचा नाही. ऑक्टोबर ते मे या काळात दर पंधरवड्याला बाहेरचं सगळं धातूचं सामान गोड्या पाण्याने धुवा. बादलीभर पाण्याचं हे काम महागड्या रंगाइतकंच मोलाचं आहे.

३. लोखंडाला वरून काय लावलंय?

साध्या लोखंडावर प्रायमर आणि ऑइल पेंट हा सर्वांत जुना उपाय. तो पाणी बाहेर ठेवतो, पण रंगाला एक चरा पडला की तिथून पाणी आत शिरतं आणि गंज रंगाच्या खालून पसरत जातो. बाहेरून रंग शाबूत दिसतो, बोटाने दाबला की पापडी हातात येते.

जस्ताचं काम वेगळ्या पद्धतीने चालतं. लोखंड आणि जस्त एकमेकांना चिकटलेले असताना पाणी आलं, तर आधी जस्त झिजतं आणि लोखंड वाचतं. म्हणून जस्त चढवलेल्या लोखंडावर चरा पडला तरी आजूबाजूचं जस्त त्या उघड्या जागेचं रक्षण करतं. रंगाला हे जमत नाही. सुमारे ४५० अंश सेल्सियस तापलेल्या वितळलेल्या जस्तात अख्खी वस्तू बुडवून काढतात, त्याला हॉट डिप गॅल्वनायझिंग म्हणतात. यात जस्ताचा थर जाड बसतो आणि पाइपच्या आतही पोहोचतो.

इथे एक फसगत नेहमी होते. फॅब्रिकेटर सांगतो, ‘साहेब, जीआय पाइप वापरलाय.’ ते खरं असतं. पण पाइप जीआयचा, म्हणजे जस्त चढवलेला, असला तरी तो कापून वेल्डिंग केलं की सांध्याभोवतीचं जस्त जळून जातं. खुर्चीवर सर्वांत जास्त ताण जिथे येतो, नेमकं तिथेच रक्षण उरत नाही. चांगला क्रम असा : आधी साध्या पाइपची पूर्ण चौकट वेल्ड करायची, मग ती जस्तात बुडवून आणायची. गाव लहान असेल आणि जवळ असा कारखाना नसेल, तर निदान प्रत्येक सांधा घासून त्यावर जस्ताचं भरपूर प्रमाण असलेला प्रायमर मारून घ्या, आणि हे काम रंग देण्याआधी स्वतः उभं राहून बघा.

पावडर कोटिंग म्हणजे कोरडी रंगीत पूड विजेच्या ओढीने धातूवर बसवायची आणि भट्टीत सुमारे १८० ते २०० अंशांवर भाजून तिचा सलग थर करायचा. दिसायला ते फार सुबक असतं. पण पूड कोणती, हे विचारायला हवं. इपॉक्सीची पूड घट्ट चिकटते, मात्र उन्हात तिचा थर खडूसारखा पांढरट होऊन झडू लागतो. बाहेरच्या सामानाला पॉलिस्टरची पूड लागते. दुकानदाराला फरक सांगता आला नाही, तर ती खुर्ची दिवाणखान्यासाठी आहे असं समजा. उत्तम जोडी म्हणजे खाली जस्त आणि वर पॉलिस्टर पावडर.

पाइपच्या आतल्या बाजूचा विचार तर क्वचितच होतो. खुर्चीच्या पायाला खाली प्लास्टिकचं बूच असतं. वरच्या एखाद्या स्क्रूच्या भोकातून शिरलेलं पाणी त्या बुचावर साचतं आणि पाय आतून सडतो. बुचाच्या वर एक बारीक भोक पाडून पाण्याला वाट करून दिली की या खुर्चीचं आयुष्य वाढतं. यापेक्षा स्वस्त दुरुस्ती मला माहीत नाही.

बिडाच्या जुन्या बाकांबद्दल एवढंच सांगतो की बीड जाड असतं म्हणून गंज त्याला लवकर पोखरू शकत नाही. पण ते ठिसूळ आहे, पडलं तर तुटतं, आणि तुटलेलं बीड जोडणारा कारागीर आता शोधावा लागतो.

४. स्टील आणि ॲल्युमिनियम

स्टेनलेस स्टीलमध्ये क्रोमियम असतं. हवेतल्या प्राणवायूशी संयोग होऊन त्याचा अतिशय पातळ थर पृष्ठभागावर तयार होतो आणि तो खरचटला तरी पुन्हा भरून येतो. ३०४ या प्रकारात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. ३१६ मध्ये त्याशिवाय दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, आणि खाऱ्या हवेत तो थर फुटू न देण्याचं काम ते करतं. बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या २०२ मध्ये निकेल कमी आणि त्याच्या जागी मँगनीज जास्त असतं. पुण्यात घरात जिन्याच्या कठड्याला २०२ ठीक आहे. अलिबागला अंगणात त्याच्यावर तांबूस ठिपके पडणारच.

हे प्रकार ओळखण्यासाठी लोक लोहचुंबक लावून बघतात. २०२, ३०४ आणि ३१६ या तिघांनाही चुंबक जवळजवळ चिकटत नाही, त्यामुळे या परीक्षेतून काहीच कळत नाही. बिलावर प्रकाराचा आकडा लिहून घ्यावा, हाच व्यवहार्य मार्ग.

ॲल्युमिनियम लोखंडासारखं गंजत नाही. त्याचाही स्वतःचा पातळ, घट्ट थर असतो. ते हलकं आहे, पावडर कोटिंग त्यावर चांगलं बसतं, आणि चरा पडला तरी खालून तांबूस पोपडे निघत नाहीत. किनारपट्टीवर धातूचं काही घ्यायचं असेल तर माझी पसंती जाड भिंतीच्या ॲल्युमिनियमला आहे. मात्र त्याला साधे लोखंडी स्क्रू लावू नयेत. दोन वेगळे धातू खाऱ्या पाण्यात एकमेकांना टेकले की त्यातला एक झिजतो, आणि इथे झिजतं ते स्क्रूभोवतीचं ॲल्युमिनियम. लोखंडी स्क्रू स्वतःही गंजतो, त्याचं भोक सैल पडतं आणि खुर्ची खिळखिळी होते. स्टेनलेस स्टीलचा स्क्रू आणि मध्ये नायलॉनचा वायसर, ही जोडणी योग्य.

५. लाकूड : कुजतं ते का, आणि फुटतं ते का?

लाकूड पाण्याने कुजत नाही, बुरशीने कुजतं. ही बुरशी वाढायला लाकडात ठरावीक ओलावा लागतो. दहा किलो पूर्ण सुक्या लाकडात दोन किलो पाणी मुरलं, तर ओलावा वीस टक्के झाला असं म्हणतात. वीस टक्क्यांच्या खाली कुजवणारी बुरशी वाढू शकत नाही. कोकणात पावसाळ्यातली हवाच लाकडाला या रेषेजवळ आणून ठेवते. वरून थोडं पाणी साचलं की रेषा ओलांडली जाते.

पाणी लाकडात शिरतं कुठून? फळीच्या रुंद पृष्ठभागातून थोडंच. झाड जिवंत असताना मुळांपासून वर पाणी नेणाऱ्या बारीक नळ्या लाकडाच्या लांबीत असतात, आणि फळी आडवी कापली की त्यांची तोंडं उघडी पडतात. या कापलेल्या टोकातून पाणी कित्येक पट वेगाने आत चढतं. बाकाचा पाय फरशीवर टेकतो तो नेमका या उघड्या टोकावर. फरशीवर पाणी साचलं की पाय ते पीत राहतो. सागाच्या बाकाचे पाय आधी जातात आणि बसायची फळी ठणठणीत राहते, याचं कारण हेच.

आपल्या जुन्या वाड्यांच्या बांधणीत हे ज्ञान दिसतं. लाकडी खांब कधी जमिनीत पुरलेला किंवा थेट फरशीवर टेकलेला नसायचा. त्याच्याखाली दगडी तळखडा असे. जमिनीची ओल आणि धुण्याचं पाणी खांबाच्या टोकापर्यंत पोहोचतच नसे. बाकाच्या पायांनाही तेच करा. खाली नायलॉनची किंवा पितळेची टाच बसवून पाय अर्धा-पाऊण इंच उचला आणि टोकांना आधी जवसाचं तेल पोटभर पाजा. तेल जिरतं तोवर लावत राहायचं.

आता सागाबद्दल. सागाच्या गाभ्यात तेलकट द्रव्यं असतात. ती पाणी दूर ठेवतात आणि वाळवी-बुरशीला मानवत नाहीत. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या कारागिरांनी मलबारी सागातून बांधलेलं ‘ट्रिंकोमाली’ हे लढाऊ जहाज १८१७ साली पाण्यात उतरलं. ते आज इंग्लंडमधल्या हार्टलपूल बंदरात तरंगत उभं आहे. सागाचा लौकिक उगाच झालेला नाही.

पण हा लौकिक गाभ्याचा आहे. खोडाच्या कडेचं, सालीलगतचं फिकट लाकूड सागाचंच असलं तरी त्यात ती द्रव्यं नसतात, आणि ते आंब्याच्या फळीइतक्याच लवकर कुजतं. लागवडीतल्या कोवळ्या सागात हा फिकट भाग जास्त असतो. त्यामुळे ‘साग आहे का?’ एवढं विचारून थांबू नका. फळ्या पॉलिश करण्याआधी बघायला मागा. पिवळट-तपकिरी भाग ठेवा, कडेचा पांढुरका पट्टा असलेली फळी परत करा. चंद्रपूर, बल्लारशा, आलापल्लीच्या सागाला मान आहे. तरी तिथल्या सागालाही कडेचा पांढरा भाग असतोच.

साग परवडत नसेल तर? कोकणात फणसाचं लाकूड वाळवीला दाद देत नाही आणि घरबांधणीत ते पिढ्यान्‌पिढ्या वापरलं गेलं आहे. ऐन जड आणि मजबूत, पण उन्हात भेगाळतो. बाभूळ चिवट. आंबा बाहेर नको. रबरवुडला किड्यापासून वाचवण्यासाठी बहुधा बोरॉनची क्षारं दिलेली असतात, आणि ती पावसात धुऊन निघतात, म्हणून रबरवुड घरातच शोभतं. बांबूचंही तसंच : बोरॅक्स-बोरिक ॲसिडची प्रक्रिया केलेला बांबू छपराखाली उत्तम टिकतो, उघड्यावर नाही. ऐन, बाभूळ यांत टॅनिन भरपूर असतं. लोखंडी खिळा मारला तर ओलीत त्याच्याभोवती काळे डाग पडतात आणि खिळाही खाल्ला जातो. पितळेचे किंवा स्टीलचे स्क्रू वापरा.

प्लायवुडबद्दल लोक हमखास विचारतात. आयएस ७१० हा शिक्का असलेल्या मरीन प्लायचा गोंद पाण्यात सुटत नाही, हे खरं. तरी पापुद्रे लाकडाचेच आहेत, आणि कडा उघड्या राहिल्या तर तिथून पाणी शिरतंच. बाहेरच्या बाकाला अखंड फळ्याच घ्याव्यात.

फुटण्याचं कारण निराळं आहे. ओलावा कमी-जास्त झाला की लाकूड रुंदीत आकसतं-फुगतं, लांबीत जवळजवळ नाही. सागाच्या फळीत ओलावा एक टक्क्याने बदलला की रुंदी जास्तीत जास्त ०.२ टक्क्यांनी बदलते असं धरू. नागपुरात मे ते ऑगस्ट या काळात उघड्यावरच्या फळीचा ओलावा सहाच्या आसपासून सोळापर्यंत, म्हणजे दहा टक्क्यांनी वाढतो. १०० मिलिमीटर रुंदीची फळी मग दोन मिलिमीटर फुगते. अशा पाच फळ्या एकमेकींना चिकटवून बसवल्या असतील, तर एकूण दहा मिलिमीटर जागा कुठूनतरी हवी. ती मिळाली नाही तर फळ्या कमान धरतात किंवा चौकटीचा सांधा फोडतात. फळ्यांमध्ये सहा-आठ मिलिमीटर फट ठेवली की प्रश्न मिटतो, पाणीही खाली निथळतं आणि हवा दोन्ही बाजूंनी खेळते. टेबलाचा वरचा भाग सलग, चकचकीत हवा हा आग्रह अंगणात सोडून द्यावा.

आणि पॉलिश? व्हार्निश किंवा पीयूचा थर उन्हाने तडकतो. त्या तड्यातून पाणी आत जातं, पण थर वरून बंद असल्यामुळे बाहेर येत नाही. मग काळे डाग पडतात आणि सगळं खरवडून पुन्हा सुरुवात करावी लागते. तेल लावलेलं लाकूड दरवर्षी तेल मागतं, पण खरवडावं लागत नाही. सागाला काहीच लावलं नाही तर तो वर्ष-दीड वर्षात करडा होतो. उन्हातल्या अतिनील किरणांनी वरच्या थरातलं लिग्निन तुटतं आणि पावसाने धुऊन जातं, म्हणून हा रंग येतो. तो थर मिलिमीटरच्या अंशाइतका पातळ असतो आणि खालचं लाकूड पूर्ण शाबूत असतं. पुष्कळ लोक करडं झालेलं बाक कुजलं समजून भंगारात देतात, याचं मला फार वाईट वाटतं. शंका आली तर पेचकसाचं टोक पायाच्या तळाशी दाबून बघा. रुतलं नाही तर बाक चांगलं आहे.

६. प्लास्टिक, दोऱ्या आणि गाद्या

साच्यातल्या एकसंध खुर्च्या बहुधा पॉलिप्रॉपिलीनच्या असतात. पाणी आणि मीठ त्यांना काही करत नाही. त्यांना मारतं ऊन. अतिनील किरणांनी प्लास्टिकच्या लांब साखळ्या तुटतात, पृष्ठभाग खडबडीत होतो आणि एके दिवशी पाय फाकून खुर्ची मोडते, बहुधा वयस्कर माणूस बसताना. म्हणून पृष्ठभागाला बोट घासून पांढरी पूड लागायला लागली की ती खुर्ची बसायच्या कामातून काढा, कुंडी ठेवायला वापरा. उन्हापासून बचाव करणारी द्रव्यं मिसळलेली खुर्ची महाग पडते, पण दुप्पट-तिप्पट चालते. जाड एचडीपीईच्या फळ्यांचं बाक हा झडीच्या प्रदेशात विचार करण्यासारखा पर्याय आहे. ते जड असतं आणि त्याला वाळवी नाही.

वेताच्या धर्तीवरच्या प्लास्टिकच्या विणीत बाहेरून काही दिसत नाही. आत लोखंडी सांगाडा आहे की ॲल्युमिनियमचा, हे विचारून घ्या. लोखंडी असेल तर विणीच्या आडून गंज गुपचूप वाढतो. सुती नवार बाहेर कुजते. काथ्याच्या सुंभात लिग्निन भरपूर असल्याने तो ओलीत बरेच दिवस तग धरतो. गाद्यांसाठी साधा फोम नकोच, पाणी धरून तो आठवडाभर सुकत नाही. खरं सांगायचं तर पावसाळ्याचे चार महिने गाद्या घरात असाव्यात.

७. दगडाचा कट्टा

जागा कायमची ठरली असेल तर जांभ्याच्या किंवा काळ्या दगडाच्या कट्ट्याइतकं टिकाऊ काही नाही. जांभा सच्छिद्र असल्याने त्यावर शेवाळं धरतं, म्हणून बसायचा पृष्ठभाग फरशीचा करावा आणि त्याला बाहेरच्या बाजूला किंचित उतार द्यावा. कडप्पा दुपारच्या उन्हात इतका तापतो की संध्याकाळीही बसवत नाही. सिमेंटच्या बाकात सळई असते. काँक्रीटचं आवरण पातळ असेल किंवा किनाऱ्याची खारी वाळू वापरली असेल, तर सळई गंजून फुगते आणि कडा फोडून बाहेर डोकावते.

८. वाऱ्याचं छोटं गणित

ताशी ५० किलोमीटर वेगाचा वारा एक चौरस मीटर उभ्या पृष्ठभागाला साधारण १२ किलोच्या रेट्याने ढकलतो. वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो, म्हणजे ताशी १०० किलोमीटरला ४८ किलो. प्लास्टिकच्या खुर्चीची वाऱ्याकडची बाजू पाव चौरस मीटर धरली, तर वळवाच्या ५० किलोमीटरच्या वाऱ्यात तिच्यावर तीन किलोचा रेटा येतो. खुर्चीचं स्वतःचं वजनही साधारण तेवढंच असतं, म्हणून ती उडते. दोन मीटर व्यासाची छत्री वाऱ्यासमोर आडवी झाली तर त्याच वाऱ्यात रेटा ३५ किलोच्या पुढे जातो. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी ११० किलोमीटरच्या आसपास होता. अशा वाऱ्यात सुटी वस्तू खिडक्या फोडते, माणसाला इजा करते. म्हणून उघड्यावर राहणारं सामान एकतर जड असावं, नाहीतर घडी करून किंवा एकात एक रचून आत नेता यावं. मधल्या वजनाचं, मोठ्या सलग पाठीचं सामान सर्वांत धोक्याचं.

कोकणात अंगणातला मांडव दिवाळीनंतर उभा राहतो आणि मृगाआधी उतरवला जातो. बाहेरची सोय बाराही महिने बाहेरच राहिली पाहिजे, असा हट्ट त्या रीतीत नाही. खुर्च्या-टेबलांबाबतही तो धरू नये.

९. दुकानात काय बघाल?

खुर्ची उलटी करा. पायाची टोकं, सांधे, स्क्रू आणि पाणी साचेल असे खळगे, सगळं खालच्या बाजूनेच कळतं. शक्य असेल तर तांब्याभर पाणी ओतून बघा. बसायच्या जागेत ते राहिलं तर अंगणातही राहणार. सांधे स्क्रू-बोल्टचे असतील तर एक फळी किंवा एक पाय बदलता येतो. सगळं गोंदाने किंवा वेल्डिंगने बंद असेल तर एक भाग गेला की अख्खी वस्तू जाते.

किंमत वर्षांनी भागून बघा. समजा एक बाक सहा हजारांना मिळालं आणि तीन पावसाळे चाललं, तर वर्षाला दोन हजार पडले. दुसरं अठरा हजारांचं आहे, वर्षाला तीनशे रुपयांचं तेल आणि सँडपेपर मागतं, आणि पंधरा वर्षं चालतं. त्याचे वर्षाला पंधराशे होतात. पण हे दुसरं गणित जमतं ते दरवर्षी तेल लावणाऱ्या घरातच.

म्हणून मेच्या शेवटच्या आठवड्यात एक दुपार या सामानासाठी राखून ठेवा : धुणं, सुकवणं, पायांच्या टोकांना तेल, ढिले बोल्ट आवळणं, आणि बाक पागोळ्यांच्या रेषेतून मागे ओढणं. छपराचं पाणी जिथे पडतं तिथे खालून उडणारे शिंतोडे लाकडाला दिवसभर भिजवत राहतात. ही दुपार न मिळालेलं सागाचं बाक आणि दरवर्षी मिळालेलं ऐनाचं बाक, या दोघांत जास्त पावसाळे कोण काढेल असं मला विचारलंत, तर माझा कौल ऐनाला आहे.